कामाचा पहिला तास

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारचे दोन वाजत आले होते आणि मी दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात दोघांनी मिळून स्कूटरवरून एका मुलाला आणले. अठरा वर्षांचा पोरगा, उजव्या हाताला फडके गुंडाळलेले, चेहरा पांढराफटक. फडके सोडले तर तर्जनीची वरची दोन पेरे नव्हती. गावाबाहेरच्या एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये तो कामाला लागला होता आणि तो त्याचा कामाचा तिसरा दिवस होता.

सोबत आलेला मालक काही निर्दय माणूस नव्हता. त्याचे हात थरथरत होते. पुन्हा पुन्हा एकच वाक्य तो बोलत होता, "डॉक्टर, पोराला नवे कोरे हातमोजे घेऊन दिले होते हो! तरी असं कसं झालं?"

गोम नेमकी तिथेच होती. मुलगा उभ्या ड्रिल मशीनवर पट्टीला भोके पाडत होता. फिरत्या ड्रिलवर सुती हातमोजे घालून काम करायचे नसते. मोज्याचा एक धागा जरी बिटात अडकला, तरी मशीन मोजा गुंडाळून घेते आणि मोज्याबरोबर हातही ओढते. उघडा हात कदाचित खरचटून निसटला असता. मोज्यातला हात निसटत नाही. म्हणजे सुरक्षिततेसाठी दिलेल्या वस्तूनेच बोट नेले, कारण ती कुठे वापरायची आणि कुठे नाही, हे कुणी सांगितलेच नव्हते.

टाके घालताना मी मुलाला विचारले, "अरे, मशीन कसं चालवायचं हे कुणी दाखवलं होतं का तुला?"

"नाही. बघून बघून करत होतो."

"मग विचारायचं नाही का?"

तो खाली मान घालून म्हणाला, "विचारलं तर म्हणतील, एवढंही येत नाही का."

आजचा लेख या एका उत्तराविषयी आहे.

नवख्यालाच का लागते?

आपल्याकडे एक म्हण आहे, 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.' पण पुढच्याला ठेच लागली हे मागच्याला कळले तरच तो शहाणा होणार. वर्कशॉपमध्ये पुढच्याची ठेच मागच्याला कुणी सांगत नाही. जुन्या मिस्त्रीला ती इतकी अंगवळणी पडलेली असते, की सांगण्यासारखे त्यात काही आहे असे त्याला वाटत नाही. नव्या पोराला विचारायची लाज वाटते. एकाचे न सांगणे आणि दुसऱ्याचे न विचारणे, या दोहोंच्या मध्ये बोट सापडते.

हा केवळ आपल्या गावचा अनुभव नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ साली जाहीर केल्याप्रमाणे, पंधरा ते चोवीस वयाच्या कामगारांना कामावर दुखापत होण्याचे प्रमाण पंचविशीपुढच्या कामगारांपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत जास्त आढळते. कॅनडातील अभ्यासांत असे दिसून आले आहे, की कामावरच्या पहिल्या महिन्यात अपघाताचा धोका हा एक वर्षाहून जुन्या कामगाराच्या तिपटीहून अधिक असतो. दुसऱ्या अभ्यासातली गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. दोष केवळ तरुण वयाच्या धांदलीचा नसून नवखेपणाचा आहे. चाळिशीचा माणूसही नव्या मशीनवर पहिल्या महिन्यात तेवढाच नवखा असतो.

तरुण पोरांच्या बाबतीत आणखी काही कारणे भर घालतात. घरी दोन पैसे द्यायची घाई असते. 'जमेल का?' असे विचारले की 'जमेल' हेच उत्तर तोंडात येते. शिवाय वर्कशॉपमधली कुणाला नको असलेली कामे, म्हणजे चालू मशीनखालचा चुरा काढणे, टाकीत उतरणे, उंचावर चढणे, ही सगळ्यांत धाकट्याच्याच वाट्याला येतात.

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २३ व्या कलमात स्पष्ट लिहिलेले होते, की धोकादायक ठरवलेल्या यंत्रावर अल्पवयीन कामगाराला लावायचे तर त्या यंत्राचे धोके आणि घ्यायची खबरदारी त्याला पूर्ण समजावून दिलेली पाहिजे आणि त्याला पुरेसे शिक्षण तरी मिळालेले पाहिजे किंवा जाणत्या माणसाची देखरेख तरी पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा २०२० च्या नव्या संहितेने घेतली. आपल्या कामातल्या सुरक्षिततेविषयी मालकाकडून माहिती मिळण्याचा कामगाराचा हक्क तीत नमूद आहे. परंतु चार-पाच माणसांच्या वर्कशॉपपर्यंत यातले फारसे काही पोहोचत नाही. तिथे कायदा म्हणजे मालक आणि निरीक्षक म्हणजे मिस्त्री. म्हणून हा लेख त्या दोघांसाठीही आहे.

एक गोष्ट मात्र लहान-मोठ्या सगळ्यांना लागू आहे. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. २०१६ च्या दुरुस्तीपासून १४ ते १८ वयाच्या मुलांनाही धोकादायक उद्योगांत लावता येत नाही. अशी मुले दिसल्यास १०९८ या क्रमांकावर कळवता येते.

शिकवणे म्हणजे काय?

'नीट काम कर, जपून कर' हे शिकवणे नव्हे. जपून म्हणजे कशापासून, हे त्या पोराला कुठे ठाऊक असते? शिकवण्याच्या चार पायऱ्या आहेत. धोका कुठे आहे ते सांगणे, काम स्वतः करून दाखवणे, त्याच्याकडून आपल्यासमोर करून घेणे आणि शेवटी त्यालाच उलट विचारणे, 'आता तू मला सांग.' ही चौथी पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. खरे तर मुलाला कळले की नाही, ते तिथेच समजते.

याला पहिल्या दिवशी एक तास पुरतो. त्या तासात पाच गोष्टी झाल्याच पाहिजेत. मशीन बंद कुठून करायचे. मेन स्विच कुठे आहे. अंगावर काय घालायचे आणि काय घालायचे नाही. कुठले काम अजून करायचे नाही. आणि लागले तर कुणाला हाक मारायची. मशीन चालू करायला शिकवण्याआधी बंद करायला शिकवावे.

आता आपल्या भागात नेहमी दिसणाऱ्या कामांबद्दल थोडे सविस्तर.

ड्रिल आणि लेथ : हातमोजे, मफलर, लोंबत्या बाह्या, मनगटावरचा गंडा, राखी किंवा कडे यांतले काहीही फिरत्या मशीनजवळ नको. पट्टी हाताने न धरता वाइसमध्ये पकडावी. चुरा हाताने काढू नये, मशीन थांबवून ब्रशने काढावा.

ग्राइंडर : डोळ्यांवर सेफ्टी चष्मा हवाच. चाक बसवण्यापूर्वी लाकडी मुठीने हलकेच ठोकून पाहावे. चांगले चाक खणखणीत वाजते, तडा गेलेले बद्द वाजते. नवे चाक सुरू केल्यावर पहिला मिनिटभर समोर न राहता बाजूला उभे राहावे. चाक फुटायचे असेल तर बहुधा तेव्हाच फुटते.

डोळ्यात कण गेला तर रुमालाच्या टोकाने काढून देणारा एखादा 'तज्ज्ञ' प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतो. कृपया त्याच्याकडे जाऊ नये. अशा प्रयत्नात बुबुळावर जखम होते, त्यात जंतू शिरतात आणि फूल पडून दृष्टी अधू झालेले रुग्ण आम्ही पाहतो.

वेल्डिंग : आर्ककडे उघड्या डोळ्यांनी पाहिले तर त्या क्षणी काही होत नाही. त्रास रात्री सुरू होतो. डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते, उजेड सोसत नाही. साधा काळा चष्मा त्याला पुरत नाही, वेल्डिंगची काच असलेली ढालच हवी. शेजारी उभ्या असलेल्या मदतनीस पोरालाही ती हवी. दूध, बटाट्याचा काप असले उपाय न करता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. डोळा बधिर करणारे थेंब दुकानातून आणून वारंवार घालणे तर फारच घातक आहे.

आणखी एक. डिझेल, पेट्रोल किंवा थिनरचा 'रिकामा' पिंप कधी रिकामा नसतो. आत वाफ भरलेली असते आणि वेल्डिंगची एक ठिणगी लागली की तो बॉम्बसारखा फुटतो. नव्या पोराला हे पहिल्याच दिवशी सांगावे.

टायर-पंक्चर : ट्रकच्या चाकात हवा भरताना लॉक रिंग उडून छातीवर किंवा तोंडावर बसते. चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, बाजूला उभे राहून हवा भरावी. चाकावर वाकून कधीच भरू नये.

शेतावरच्या मळणी यंत्राची आणि रसवंतीच्या चरकाची गोष्टही याहून वेगळी नाही. पेंढी किंवा ऊस आत ढकलताना हात कुठपर्यंत न्यायचा, हे आधी ठरलेले असावे. पदर खोचलेला असावा. अडकलेले काढायचे झाले तर आधी यंत्र बंद, मग हात.

शाळेत कसला आलाय धोका?

असे मला एका मुख्याध्यापकांनी हसत विचारले होते. शाळा ही देखील कुणाची तरी कामाची जागा आहे, हे आपण विसरतो. शिपाई, प्रयोगशाळा परिचर, पोषण आहार शिजवणाऱ्या बायका, सफाई करणाऱ्या मावशी, नव्याने रुजू झालेले शिक्षक हे सगळे तिथे कामच करतात. त्यांच्या चुकीची किंमत मात्र त्यांच्या एकट्यापुरती राहत नाही. त्यांच्या आसपास शेकडो मुले असतात.

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेली आग गवती छपराने पेटवून वर नेली आणि ९४ मुले गेली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. शाळांत आग विझवण्याची साधने बसवावीत, एवढेच सांगून न्यायालय थांबले नाही. ती वापरण्याचे शिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. आपल्या शाळेच्या भिंतीवर लाल नळकांडे टांगलेले असेल. त्याची पिन ओढायची, तोंड ज्वाळांच्या शेंड्याकडे नव्हे तर बुडाकडे धरायचे, हे शाळेतल्या किती जणांनी हाताने करून पाहिले आहे? एकदा विचारून पाहावे.

दुसरी घटना बिहारमधली. १६ जुलै २०१३ रोजी सारण जिल्ह्यातील एका गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे शेतावर फवारण्याचे कीटकनाशक गेले होते. तेल नेहमीसारखे वाटत नाही, अशी शंका स्वयंपाकिणीने बोलून दाखवली होती, तरीही त्याच तेलात स्वयंपाक झाला, असे त्या वेळच्या वृत्तांतून पुढे आले. वाचकहो, माझ्या दवाखान्यातला पोरगा विचारायला लाजला आणि या बाईने विचारले ते ऐकले गेले नाही. दोन्हीकडे शेवट वाईटच झाला. म्हणून शिक्षण खालच्याला द्यायचे तसे वरच्यालाही द्यायला हवे. विचारणाऱ्याला गप्प करायचे नाही, हे वरच्याने शिकायचे आहे.

शाळेतल्या माणसांना निदान पुढील गोष्टी माहीत हव्यात.

सफाई : संडास चकचकीत व्हावा म्हणून काही जण ब्लिचिंग पावडर टाकून वर ॲसिड ओततात. या दोन्हींच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो. बंद संडासात तो छातीत गेला की श्वास कोंडतो. कधी कधी त्या वेळी थोडा खोकलाच येतो आणि काही तासांनी धाप वाढत जाते. म्हणून मोकळ्या हवेत आणून बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे. दोन औषधे कधीही एकत्र करू नयेत. तसेच मैलाटाकीत कुणालाही उतरवू नये. उतरलेला बेशुद्ध पडला म्हणून वाचवायला मागोमाग उतरणाराही आतच राहतो.

प्रयोगशाळा : सौम्य करताना पाण्यात ॲसिड हळूहळू सोडायचे, ॲसिडात पाणी ओतायचे नाही. उलट केल्यास ते उसळून तोंडावर उडते. बाटलीवर नावाची चिठ्ठी हवी. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ॲसिड किंवा फिनेल भरून ठेवणे म्हणजे लहान मुलाला पाजण्याची तयारी करून ठेवणेच होय.

स्वयंपाकघर : स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला की दिव्याचे बटण दाबू नये, लावायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सगळ्यांनी बाहेर पडावे आणि १९०६ क्रमांकावर फोन करावा. खिचडीचे मोठे पातेले एकटीने उचलू नये. त्या वाटेवर मुले नसावीत. औषधाचा, खताचा डबा कितीही धुतला तरी स्वयंपाकघरात आणू नये. मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसांनी जेवण चाखून पाहायचे, हा नियम केवळ वहीत सही करण्यापुरता नाही.

उंचीवरची कामे : स्नेहसंमेलन आले की टेबलावर बाक आणि बाकावर शिपाई हे दृश्य ठरलेले. शिडी भिंतीला लावताना उंची चार हात असेल तर पाया एक हात बाहेर हवा आणि खाली धरायला माणूस हवा. पंख्याला, वायरला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करून, तो दुसरा कुणी चालू करणार नाही याची व्यवस्था करावी. ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी प्रत्येक शाळेत आणि वर्कशॉपमध्ये बसवून घ्यावा. शॉक बसताच तो क्षणात वीज तोडतो. एका जिवापुढे त्याचा खर्च काहीच नाही.

तरीही अपघात झालाच तर

हा भाग कापून भिंतीवर लावावा.

१. बोट तुटले : जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग शोधावा, स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, पिशवीचे तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. भाग थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नये. शक्य तितक्या लवकर, सहा तासांच्या आत, मोठ्या इस्पितळात पोहोचावे. ओढून तुटलेले बोट दर वेळी जोडता येते असे नाही. पण आमच्या त्या मुलाचे बोट तर झाडलोटीत गेले होते. प्रश्नच मिटला.

२. भाजले : साधे नळाचे पाणी वीस मिनिटे सोडावे. बांगड्या, अंगठ्या लगेच काढाव्यात. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काहीही लावू नये. फोड फोडू नयेत.

३. डोळ्यात ॲसिड किंवा चुना गेला : पापण्या उघड्या धरून वीस मिनिटे पाण्याची धार सोडावी, मगच दवाखान्याकडे निघावे. आधी गाडी शोधण्यात डोळा जातो.

४. शॉक बसला : आधी वीज बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने माणसाला तारेपासून दूर ढकलावे, हात लावू नये. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाचेक सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये.

५. जखम गंजलेल्या पत्र्याची असो वा नव्या कोऱ्या पात्याची, शेवटचे धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले ते डॉक्टरांना सांगावे.

रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशामक दलासाठी १०१ आणि कुठल्याही संकटात ११२ हे क्रमांक नव्या माणसाकडून पहिल्याच दिवशी पाठ करून घ्यावेत.

हे करायचे कुणी?

पैसा लागतो म्हणून हे अडते असे नाही. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली. १९७२ पासून हा दिवस देशभर राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मोठ्या कारखान्यांत बिल्ले लावतात, शपथ घेतात. आपल्या गावी बिल्ले नकोत. दर महिन्याच्या एका शनिवारी अर्धा तास काढला तरी पुरे. एकदा अग्निशामक दलाच्या जवानाला बोलवा, एकदा वीज मंडळाच्या लाइनमनला, एकदा आयटीआयच्या निदेशकांना, एकदा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना. शाळेने बोलावले तर शेजारच्या वर्कशॉपमधल्या पोरांनाही बोलवावे. काल ती त्याच शाळेत होती.

पालकांनाही एक विनंती. मुलगा पहिल्यांदा कामाला निघाला की आपण त्याला डबा देतो, देवापुढे साखर ठेवतो. संध्याकाळी तो परतला की पगाराआधी तीन प्रश्न विचारावेत. आज मशीन कुणी दाखवले? ते बंद कुठून होते? न समजलेले कुणाला विचारलेस? तिन्हींची उत्तरे नसतील तर दुसऱ्या दिवशी आपण स्वतः जाऊन मालकाला भेटावे. त्यात कसलाही कमीपणा नाही.

तो मुलगा आता बरा आहे. त्याच वर्कशॉपमध्ये कामाला आहे. परवा मलमपट्टीच्या निमित्ताने नव्हे, तर आईला घेऊन आला होता. सांगत होता, की नवा पोरगा आला की मालक त्याला आधी याच्याकडे पाठवतात. हा मशीनचे बटण बंद करून दाखवतो, हातमोजे काढून बाजूला ठेवायला लावतो आणि मग आपला उजवा हात पुढे करतो.

"नंतर काय सांगतोस?" मी विचारले.

"काही नाही. म्हणतो, आता काय विचारायचं ते विचार."